मागच्या टायरमधलं पाणी: किती भरायचं, काय मिसळायचं, आणि धोका नेमका कुठे

नांगरफाळ

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरण्याबद्दल सुटे प्रश्न सारखे येतात आणि उत्तरं तुकड्यातुकड्यांत मिळतात. एक म्हणतो गच्च भरा, दुसरा म्हणतो मीठ घाला, तिसरा म्हणतो भरूच नका. सगळं एका जागी यावं म्हणून हा धागा. जिथे दुरुस्ती हवी तिथे बिनधास्त करा.

उदाहरणाला दोन-चाकी ड्राइव्हचा ट्रॅक्टर घेऊ. मागे १३.६-२८ चे बायस टायर (आतले धागे तिरके असलेले), आत ट्यूब. व्हॉल्व्ह एकदम वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत पाणी भरलं की टायर साधारण पाऊण भरतो. या मापात ते सुमारे १९० लिटर, म्हणजे एका चाकाला १९० किलो. १२.४-२८ ला १५५ लिटरच्या आसपास, १४.९-२८ ला २३५, १६.९-२८ ला ३००. बनावटीप्रमाणे आकडा थोडा इकडेतिकडे होतो, तेव्हा टायर कंपनीचा तक्ता बघूनच पक्का करा.

फायदा सगळ्यांना माहीत आहे: चाक कमी घसरतं आणि वजन खालच्या बाजूला राहतं. शिवाय हे वजन टायरमधून थेट जमिनीवर जातं, ॲक्सलच्या बेअरिंगवर बसत नाही. पण लोखंडी वजन चाकाला लावलं की ते दिसतं, पाणी दिसत नाही. चाक खोलणाऱ्याला, वेल्डिंग करणाऱ्याला, जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याला आत काय आहे याचा पत्ता नसतो. माझ्या मते पाणी भरलेला टायर हवेचा समजून हाताळणं हाच यातला सगळ्यात मोठा धोका. आत कोणता द्रव आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

जुनाजॅक

चांगला विषय घेतलात. भरण्याआधीची एक पायरी जोडतो: वजन खरंच हवंय का, ते मोजा.

टायरच्या बाजूला खडूने खूण करा. नांगर नेहमीच्या खोलीवर मातीत, नेहमीचाच गिअर, आणि चाकाचे बरोबर १० फेरे होईपर्यंत चाला. सुरुवातीला आणि शेवटाला खुंटी ठोका. मग नांगर उचलून त्याच रानात तेवढंच अंतर परत चाला आणि फेरे मोजा. ९ भरले तर घसरण १० टक्के, साडेआठ भरले तर १५, आठच भरले तर २०. नांगरटीला १० ते १५ टक्के घसरण ठीक असते. १५ च्या वर गेली तर वजन वाढवा. ८ च्या खाली असेल तर वजन आधीच जास्त झालंय. अशा वेळी चाक घसरून ताण सोडत नाही, तो सगळा गिअर आणि फायनल ड्राइव्हवर (चाक फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरवर) जातो, आणि माती दबते ती वेगळीच.

हे करण्याआधी हवा तपासा. मागच्या टायरमध्ये गरजेपेक्षा चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त असेल तर टायर कमी टेकतो आणि घसरतो. तिथे पाणी भरून आजार झाकला जातो.

नांगरफाळ

अगदी बरोबर, ही पायरी आधीच यायला हवी होती. आता भरण्याची पद्धत.

जमीन सपाट आणि कडक हवी. पुढच्या दोन्ही चाकांना आणि जमिनीवर राहणाऱ्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी गुटके लावा. ‘गिअरमध्ये ठेवलाय, जाणार कुठे’ असं म्हणून हे टाळू नका. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरमुळे) गिअर ट्रॅक्टरला धरत नाही: उचललेलं चाक उलटं फिरतं आणि टेकलेलं चाक चालायला लागतं. जॅक ॲक्सलखाली घ्या, चाक जमिनीपासून बोटभर सुटेल इतकंच उचला आणि ॲक्सलखाली स्टँड लावा. चाक लटकतं असताना भरलेलं सगळं पाणी त्या आधारावर येतं. म्हणजे काम संपताना जॅकवरचं वजन सुरुवातीपेक्षा १९० किलोने जास्त असतं. नुसत्या जॅकच्या भरवशावर हे करू नये.

व्हॉल्व्ह बरोबर १२ वाजताच्या जागी आणा. ट्रॅक्टरच्या ट्यूबला बहुतेक टीआर २१८ ए जातीचा व्हॉल्व्ह असतो. त्यात हवा अडवणारी पिन ज्या आतल्या नळीत बसते ती नळीही पान्ह्याने सुटते आणि पाण्यासाठी मोठं तोंड मिळतं. क्रम मात्र चुकवू नका. आधी फक्त पिन काढायची, तोंड बाजूला ठेवायचं, हवा पूर्ण जाऊ द्यायची आणि मगच नळी सोडायची. दाब शिल्लक असताना नळी सोडली तर ती गोळीसारखी उडते. व्हॉल्व्हची रिमवरची नट तशीच ठेवा, नाहीतर रिकामी ट्यूब व्हॉल्व्हसकट आत ओढली जाते. ट्यूब नवी असेल तर एकदा हवा भरून सोडून द्या म्हणजे घड्या निघतात.

पाणी उंचावरच्या टाकीतून सोडलेलं सगळ्यात चांगलं. दोन मीटर उंचीने जेमतेम तीन पीएसआय दाब मिळतो. वेळ लागतो, पण त्यात काही फुटायची भीती नाही. विजेचा पंप थेट जोडला तर गोष्ट वेगळी. ३० मीटर हेडचा (तेवढ्या उंचीपर्यंत पाणी चढवणारा) साधा पंप पुढे वाट बंद झाली की ४० पीएसआयच्या वर दाब देतो. टायर काठोकाठ भरत आला आणि लक्ष नसलं तर तो दाब टायर-रिमवर येतो. पंप वापरायचाच असेल तर बायपास (जास्तीचं पाणी परत सोडणारी वाट) ठेवा आणि जागचे हलू नका.

बाजूला हवा सोडायचं भोक असलेला पाणी भरायचा अडॅप्टर मिळतो, तोच घ्या. थोडं पाणी, थोडी हवा बाहेर, पुन्हा पाणी, असं चालतं. हवेबरोबर पाणी यायला लागलं की पातळी आली. मग नळी, पिन, आणि वरून हवा पुस्तकात दिलेल्या दाबापर्यंत. हवा भरताना क्लिपची लांब नळी वापरा आणि टायरच्या बाजूच्या भिंतीसमोर उभे राहू नका, नक्षीच्या रेषेत पुढे किंवा मागे उभे राहा.

टायर नुकताच रिमवर चढवला असेल तर त्याची कड आधी नुसत्या हवेने बसवा, पाणी नंतर. कड बसवायला ३५ पीएसआयच्या वर कधीही जायचं नाही. ३५ ला बसत नसेल तर हवा सोडा, कडेला टायरचं वंगण लावा, परत प्रयत्न करा. ‘अजून थोडी हवा’ यातच कडेची तार तुटते आणि टायर रिमसकट उडतो.

खडकाळरान

माहिती उत्तम. पण पाऊणवरच का थांबायचं? गच्च भरलं तर एका चाकाला आणखी ६० किलो मिळतात. पाणी दाबलं जात नाही, मग टायर फुटेल कसा?

मेघना_का

पाणी दाबलं जात नाही हीच तर अडचण आहे. हिशेब करून बघा.

टायरमध्ये १२ पीएसआय आहे असं धरू. वातावरणाचा दाब मिळवला की खरा दाब २६.७. चाक दगडावर किंवा बांधावर चढलं, टायर चेपला आणि आतली जागा क्षणभर दोन टक्के कमी झाली. नुसती हवा असेल तर दाब अर्धा पीएसआय वाढतो, कळतही नाही. पाऊण पाणी असेल तर ते दोन टक्के फक्त उरलेल्या २५ टक्के हवेतून जातात. हवा आठ टक्के आक्रसते आणि गेजवरचा दाब १४ च्या थोडा वर जातो. हे चालतं. आता ९५ टक्के पाणी धरा. तेच दोन टक्के पाच टक्के हवेतून घ्यायचे. खरा दाब ४४ च्या पुढे, म्हणजे गेजवर ३० पीएसआय. तो झटका टायरच्या धाग्यांना, कडेच्या तारेला आणि रिमला प्रत्येक दगडावर बसतो. हवा अजिबातच नसेल तर टायर उशीचं काम सोडून देतो, आणि धक्का थेट फायनल ड्राइव्हपर्यंत जातो.

उन्हाचंही तसंच. २० अंशांवरचं पाणी ५० अंशांवर गेलं की सुमारे एक टक्का फुगतं. पाऊण भरलेल्या टायरमध्ये त्याने हवेची तीन टक्के जागा जाते, ९५ टक्के भरलेल्यात जवळपास १९ टक्के.

याची उलट बाजूही आहे आणि ती पाऊण भरलेल्यालाही लागू पडते. हवा कमी असल्याने जराशी गळती झाली तरी दाब झपाट्याने उतरतो. हवेच्या टायरला पंधरा दिवसांनी तपासून चालत असेल तर पाण्याच्या टायरला दर आठवड्याला तपासा.

जुनाजॅक

तपासण्यावरून: व्हॉल्व्ह वर असतानाच दाब बघा. खाली असेल तर वरच्या पाण्याचं वजन गेजवर येतं. या मापाच्या चाकात साध्या पाण्याने एक पीएसआय, मिठाच्या पाण्याने त्याहून थोडं जास्त. १२ पीएसआयच्या टायरला एक पीएसआय म्हणजे आठ टक्के फरक, दुर्लक्ष करण्यासारखा नाही. गेज पाण्या-हवेचं वेगळं मिळतं ते घ्या. साध्या गेजमध्ये पाणी शिरलं की तो पुढे खोटं बोलतो. क्षाराचं पाणी असेल तर प्रत्येक वेळी गेज गोड्या पाण्याने धुवा.

खडकाळरान

मेघनाताई, आकडे पटले. आता कॅल्शियम क्लोराइडबद्दल सांगाल का? वजन वाढतं म्हणून बरेच लोक सुचवतात.

मेघना_का

त्याचे खरे काम दोन: पाणी गोठू न देणं आणि वजन वाढवणं. पहिलं काम ते फार चांगलं करतं. वजनाने २० टक्क्यांचं द्रावण उणे १८ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, २५ टक्क्यांचं त्याहून बऱ्याच खाली. जिथे रात्री पाणी गोठतं तिथे टायरमध्ये साधं पाणी ठेवता येत नाही. गोठताना ते नऊ टक्के फुगतं, आत बर्फाचा गोळा होतो, आणि त्यावर चाक फिरवलं की ट्यूब चिरते.

पण जिथे गोठण्याचा प्रश्नच नाही तिथे फायदा किती ते बघा. २० टक्के द्रावणाची घनता १.१८. म्हणजे १९० लिटरमध्ये १९० ऐवजी २२४ किलो. एका चाकाला ३४ किलो जास्त मिळाले. तेवढं वजन चाकाला लोखंडी चकती लावूनही मिळतं, आणि रिम सडत नाही. माझं स्पष्ट मत: थंडीची गरज नसेल तर कॅल्शियम क्लोराइड नको. साधं खायचं मीठही नको, तेही लोखंड तितकंच खातं.

ज्यांना गरज आहे त्यांनी मिसळताना काळजी घ्या. द्रावण मोकळ्या प्लास्टिकच्या पिंपात बनवा, टायरमध्ये कधीच नाही. पिंपात आधी पाणी, मग त्यात क्षार थोडा थोडा टाकत ढवळा. क्षारावर पाणी ओतलं तर ते जागच्या जागी उकळून अंगावर उडतं. १०० लिटर पाण्यात २५ किलो निर्जल (पाण्याचा अंश नसलेले) दाणे पटकन टाकले तर तापमान ४५ ते ५० अंशांनी वाढतं. कोमट दिवसात द्रावण ७० च्या पुढे जातं. चपट्या पापडीच्या रूपातला क्षार ७७ टक्के असतो, तो कमी तापतो, पण २५ किलो निर्जलाच्या जागी तो साडेबत्तीस किलो घ्यावा लागतो आणि पाणी तेवढं कमी, साडेब्याण्णव लिटर. द्रावण पूर्ण गार झाल्यावरच भरा. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, पायात रबरी बूट. चामड्याचे बूट या पाण्याने कडक होऊन तडकतात. डोळ्यात गेलं तर लगेच स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा, मग डॉक्टर. जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात हे द्रावण ठेवू नका.

आणि ट्यूबशिवाय हे भरायचं नाही. ट्यूब असली तरी व्हॉल्व्हच्या बुडाशी पांढरे खडे जमलेले दिसले किंवा रिमच्या भोकातून तांबूस ओघळ आला, तर द्रावण ट्यूब आणि रिमच्या मध्ये शिरलंय. बाहेरून रिम रंगवलेली छान दिसते आणि आतून कागदाइतकी झालेली असते. त्या दिवशीच टायर काढा.

शेतवाट

इथेनॉल, मिथेनॉल, रेडिएटरचं कूलंट, जळकं ऑइल? हे सगळं भरलेले टायर असतात म्हणून विचारतोय.

मेघना_का

जळकं ऑइल आणि डिझेल पहिल्यांदा बाद. पेट्रोलियम तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. वजनही पाण्यापेक्षा कमी, वर आगीचा धोका.

मिथेनॉल विषारी आणि पेट घेणारं. टायरमधल्या मोकळ्या जागेत त्याची वाफ साठते, पिन दाबली की तीच तोंडावर येते. इथेनॉलही पेट घेतं आणि पाण्यापेक्षा हलकं, म्हणजे वजनासाठी भरण्यात अर्थ उरत नाही.

इथिलीन ग्लायकॉल म्हणजे नेहमीचं कूलंट. ते गोड लागतं आणि सांडलेलं थारोळं जनावरं चाटतात. मांजराला किलोमागे दीड मिली जिवावर बेततं, कुत्र्याला साधारण साडेचार ते साडेसहा मिली. सुरुवातीला जनावर झोकांड्या देतं, मग बरं वाटल्यासारखं दिसतं, आणि नंतर मूत्रपिंडं निकामी होतात. चाटल्याचा संशय जरी आला तरी लक्षणांची वाट न बघता तासाभरात पशुवैद्याकडे न्या, उपचाराचा उपयोग पहिल्या काही तासांतच होतो. गोठू न देणारं काही हवंच असेल तर प्रॉपिलीन ग्लायकॉल, ते बरंच कमी विषारी आहे. साखर-बीटापासून निघणारा जाड रस काही देशांत वापरतात. तो पाण्यापेक्षा सुमारे ३० टक्के जड आणि लोखंडाला सौम्य.

साध्या पाण्यात गंजरोधक घालणाऱ्यांनी डब्यावर बघा. सोडियम नायट्राइट असलेलं टाळा. गुरांच्या पोटात ते गेलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाते.

पान्हा_बारा

आता माझा मुद्दा, आणि हा कृपया कोणी वरवर वाचू नका. टायर चढवलेला असताना रिमवर किंवा डिस्कवर (चाकाच्या मधल्या लोखंडी तबकडीवर) वेल्डिंग करायचं नाही. गॅसची ज्योतही लावायची नाही. गंजलेला बोल्ट तापवून सोडवायचा असेल तरीही नाही.

रिम तापली की तिला चिकटलेलं आतलं रबर जळत नाही, ते कुजल्यासारखं विघटित होऊन पेट घेणारे वायू सोडतं. हे वायू आतल्या हवेत मिसळतात. रिमचा तो डाग पुरेसा तापला की आतच स्फोट होतो. त्याचा दाब टायर नेहमी जेवढा सोसतो त्याच्या कैक पट असतो. टायर, रिमचे तुकडे आणि पाणी भिंती फोडून जातात.

यावर तीन समज आहेत आणि तिन्ही जीव घेणारे आहेत. पहिला, ‘पिन काढून टाकली म्हणजे झालं’. पिनच्या भोकातून स्फोटाचा दाब बाहेर पडू शकत नाही. दुसरा, ‘हवा सोडली, टायर बसलाय’. आत हवा असतेच, वायू त्या हवेतच पेटतो. तिसरा या धाग्याशी थेट संबंधित: ‘आत पाणी आहे, मग आग कशी लागेल’. पाऊण टायर पाण्याने भरलेला असला तरी वरचा पाव भाग कोरडा आहे, आणि वेल्डिंग करायला सोयीची जागा नेमकी वरचीच असते. शिवाय तापलेल्या रिमला लागून पाण्याची वाफ होते, तिचा दाब वेगळा. मिथेनॉल असेल तर बोलायलाच नको.

एकच मार्ग आहे: पाणी काढा, चाक उतरवा, टायर दोन्ही कडांनी रिमवरून पूर्ण बाहेर काढा, मग वेल्डिंग. तडा गेलेली रिम तर वेल्ड करूच नये, बदलावी. आणि चुकून कोणी चढवलेल्या टायरची रिम तापवली असेल तर जवळ जाऊन हवा सोडायचा प्रयत्न करू नका. स्फोट काही वेळाने, सगळं गार झाल्यासारखं वाटत असतानाही होऊ शकतो. माणसं लांब न्या आणि कित्येक तास कोणालाही फिरकू देऊ नका.

शेतवाट

पान्हा_बारा, हा प्रतिसाद प्रत्येक वेल्डिंगच्या दुकानात लावावा असा आहे. पण वेल्डरला आत काय आहे ते कळणार कसं? जुन्या ट्रॅक्टरच्या मालकालाही माहीत नसतं.

जुनाजॅक

आधी द्रव आहे की नाही ते बघा. चाक उचलून हाताने फिरवा. द्रव असेल तर ते जड फिरतं, सोडल्यावर मागेपुढे डुलतं, आणि कान लावला तर खळखळ ऐकू येते. बाहेरून रबरी हातोडीने खालून वर ठोकत जा, पातळीवर आवाज बदलतो.

कोणता द्रव ते ओळखायला नमुना काढा. व्हॉल्व्ह वर ठेवून दाब आधी सोडा, पिन परत बसवा, चाक थोडं फिरवून व्हॉल्व्ह पातळीखाली आणा आणि पिन दाबून बाटलीत लिटरभर घ्या. आजूबाजूला ठिणगी नको. चव घेऊन बघायची नाही, हे वेगळं सांगायची वेळ येऊ नये, पण सांगतो.

मग एक लिटर मोजून तोला. एक किलो भरलं तर बहुधा पाणी. ११८० ग्रॅम किंवा जास्त भरलं तर क्षार किंवा बीटाचा रस. रस तपकिरी आणि चिकट असतो, क्षाराचं पाणी पातळ. पाणी आणि ग्लायकॉल निम्मेनिम्मे असतील तर १०७० च्या आसपास, बोटांना बुळबुळीत लागतं आणि बहुतेक वेळा रंगीत असतं. एक किलोहून स्पष्ट कमी भरलं तर अल्कोहोल किंवा तेल समजा आणि विड्या-काड्या लांब ठेवा. एक थेंब घासलेल्या लोखंडी पत्र्यावर वाळवा: साधं पाणी जवळपास काही ठेवत नाही, मीठ पांढरं राहतं, कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून ओलसरच राहतं.

कळलं की रिमवर, व्हॉल्व्हच्या शेजारी, पक्क्या रंगाने लिहा: कोणता द्रव, किती टक्के, कोणत्या महिन्यात. पुढचा माणूस तुम्हाला विचारायला येईलच असं नाही.

पान्हा_बारा

चाक उतरवण्यावर थोडं. रिकामं चाक रिम, डिस्क, टायर धरून शंभर-दीडशे किलो. त्यात १९० पाणी. तीनशेच्या वर गेलेलं हे वजन उभं असतं आणि आतलं पाणी हलतं. तुम्ही चाक थांबवलं तरी आतलं पाणी थांबत नाही, ते चाकाला एक हिसका देतंच. दोघांनी धरून ढकलणं आणि भिंतीला टेकवून ठेवणं यातच पाय आणि बरगड्या जातात. पाणी काढूनच चाक उतरवा. ते शक्य नसेल तर चाकाची ट्रॉली किंवा वरून साखळी, आणि चाक ज्या बाजूला पडू शकतं त्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही. चाक बसवताना बोल्टची भोकं जुळवायला बोट घालू नका, सळई घाला.

खडकाळरान

चालवताना फरक काय पडतो तेही येऊ द्या.

नांगरफाळ

दोन गोष्टी. पहिली, ट्रॅक्टर मागे उलटणं. मागच्या टायरमधलं पाणी पुढचं टोक खाली धरून ठेवतं असा समज आहे, तो चुकीचा. ते वजन मागच्या ॲक्सलच्याच रेषेत असतं, पुढे त्याचा उपयोग नाही. उलट चाक सहज घसरत नाही, म्हणून जड ओढ लागली की ताकद ट्रॅक्टरचं नाक उचलण्यात जाते. ओढायचं ते ड्रॉबारलाच (मागच्या खालच्या ओढायच्या पट्टीला), वरच्या लिंकच्या जागी किंवा ॲक्सलच्या वर कधीच साखळी बांधू नका. पुढच्या चाकांवर एकूण वजनाच्या किमान २० टक्के असायलाच हवं, नाहीतर स्टिअरिंग हलकं पडतं. मागे पाणी भरलं की पुढची वजनंही बघा. आणि चाकं रुतली की पुढे जोर न लावता मागे घेऊन निघा.

दुसरी, ब्रेक. दोन चाकांत ३८० किलो वाढले. दोन टनांच्या ट्रॅक्टरला हे १९ टक्के आहे. रस्त्यावर दोन्ही ब्रेकचे पेडल जोडलेले हवेत आणि उतारावर आधीच खालचा गिअर. हंगामानंतर महिनोन्महिने फक्त ट्रॉली ओढायची असेल तर पाणी काढून टाका.

शेतवाट

रेडियल टायरला (आतले धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ असलेल्या) पण ७५ टक्केच का?

जुनाजॅक

रेडियलला ४० टक्क्यांवर थांबा. व्हॉल्व्ह घड्याळातल्या ४ किंवा ८ च्या जागी ठेवून भरलं की तेवढं होतं. रेडियलची बाजूची भिंत मुद्दाम मऊ ठेवलेली असते, तिच्या फुगण्यानेच टायर जास्त टेकतो. पाण्याने ती ताठ होते आणि ज्यासाठी रेडियल घेतला तेच जातं.

नांगरफाळ

जुनाजॅक, मी याहून पुढे जाईन. रेडियलमध्ये द्रव भरूच नये, लोखंडी वजनं लावावीत. काही टायर कंपन्या ४० ला परवानगी देतात, काही तेवढंही नको म्हणतात. पुस्तक उघडून बघा, आणि भरलंच तर एका ॲक्सलवरच्या दोन्ही चाकांत पातळी सारखी ठेवा.

जुनाजॅक

लोखंडी वजनं मिळत असतील तर माझंही तेच मत. मिळत नसतील तर ४०, त्याच्यावर नाही.

खडकाळरान

शेवटचा प्रश्न: पाणी काढायचं कसं आणि टाकायचं कुठे?

पान्हा_बारा

चाक उचला, स्टँड लावा, व्हॉल्व्ह वर ठेवून सगळा दाब सोडा. दाब असताना व्हॉल्व्ह खाली करून पिन काढली तर धार थेट डोळ्यात येते, म्हणून चष्मा हवाच. मग चाक फिरवून व्हॉल्व्ह ६ वाजता आणा, पिन आणि नळी काढा. गटगट आवाज करत पाणी थांबत-थांबत येईल, कारण त्याच भोकातून हवा आत जाते. ट्यूबलेसमध्ये रिमच्या पातळीखाली, नक्षीच्या बाजूला बरंच पाणी उरतं. ते काढायला अडॅप्टरमधून बारीक नळी टायरच्या तळापर्यंत सोडा आणि बाजूच्या भोकातून अगदी थोडी, पाच-सात पीएसआय हवा द्या. पाणी नळीतून वर चढून बाहेर येतं.

मेघना_का

साधं गंजकं पाणी रानात सोडलं तरी चालतं. कॅल्शियम क्लोराइडचं पाणी पिकात, विहिरीजवळ किंवा नाल्यात अजिबात नाही. जिथे पडेल तिथे मुळं पाणी ओढू शकत नाहीत आणि झाड वाळतं. झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात भरून ठेवा, तेच परत वापरता येतं. पुन्हा भरण्याआधी गाळून घ्या आणि एक लिटर तोलून बघा. थोडं सांडलं असेल तर जागा लगेच भरपूर पाण्याने धुऊन पातळ करा. ग्लायकॉल सांडलं तर धुऊ नका: कोरडी माती किंवा भुसा टाकून शोषून घ्या, गोळा करून बंद पिशवीत भरा, आणि जनावरं तोपर्यंत त्या जागेपासून बांधून ठेवा.